वेज

मोती चौकात मोती घेऊन कुणी बसत नाही.
पेढेवाल्याच्या जिन्याखाली अडीच फूट जागा, तिथं मी.
पायाच्या अंगठ्याला रेशमाचा फास,
मांडीवर पांढरं फडकं,
फडक्यावर लोक जे आणून ओततील ते.

सोनं सोनाराचं, मणी गिऱ्हाइकाचा.
माझी फक्त गाठ.

पोवळं बोटाला गार लागलं पाहिजे.
नाही लागलं तर ते प्लास्टिक, आणि मी गप्प राहतो,
कारण बाईशेजारी सासू बसलेली असते.
मोती दातावर फिरवायचा, खरा खरखरतो.
वडिलांचे दात गेले
तेव्हा त्यांनी मोती पारखणं सोडलं
आणि राजवाड्यासमोर पत्ते खेळायला जाऊ लागले.

खंबायतचा अकीक येतो, पोटात धूर कोंडलेला.
गोमेद म्हणजे जुन्या गुळाचा खडा उन्हात धरल्यासारखा.
काळी पोत किलोवर, पेपराच्या पुडीत,
त्यात शेकड्याला चार-पाच आंधळे निघतात.
वेज न पडलेल्या मण्याला आम्ही आंधळा म्हणतो.
आंधळे डबीत टाकायचे.
डबी हलवली की नातू रडायचा थांबतो,
तेवढाच त्यांचा उपयोग.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी
दहिवडी गाडीनं फुलाबाई वीरकर आली.
"हिरीच्या क्रेनवर असते मी. बादली वर आली की पालथी करते."
कमरेच्या पिशवीतून चिंधी काढली, चिंधीतून ते:
ओल्या खोबऱ्याचा कीस फुंकरीनं उभा राहावा
आणि तसाच गोठावा, अशा पांढऱ्या सुया,
सुयांच्या मुळाशी हिरवट काचेचा एक थेंब.

"साठ फुटावर सुरुंग लावला.
पानी न्हाई लागलं. ह्ये लागलं."

बाकीच्या गारगोट्या मालकानं
मोटारसायकलवाल्याला दिल्या, पोत्यात भरून.
ही तिनं भाकरीच्या फडक्यात लपवली होती.
सोबत गळ्यातली माळ काढून ठेवली:
लाल काचमणी, गुंजा, एक पितळी जवमणी,
पोवळी चार, त्यातली दोन खरी.
"ह्ये मधी बसवा."

मी गिरमिट उचललं. खाली ठेवलं.
असल्या दगडाला टोक लावलं
की तो साळीच्या लोंबीसारखा झडतो.

"ह्याला वेज पडायचा नाही, बाई."
"मग नका पाडू."

अडतीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आईकडे लोण्याच्या गाडग्याला शिंकं असायचं,
मांजराच्या उडीपेक्षा वीतभर उंच.
ते आठवत आठवत पाच पदर घेतले,
मेण लावलं, खालून चुंबळ केली,
बाजूनं जाळी चढवत नेली, श्वास धरून.
तरी दोन सुया तुटल्या.
एक फडक्यावर, एक माझ्या अंगठ्यात.

तोवर ती पायरीवर बसून पेढ्याचा वास घेत होती.
"घरी कुणाला दाखवायला का?" मी विचारलं.
"कुनाला कशाला?
बादलीत ह्ये वर आलं तवा उजाडत हुतं.
माझ्या आदी ह्याला कुनी बघितलंच न्हाई."

चाळीस सांगितले. तिनं पन्नासची नोट दिली
आणि दहा परत मिळेपर्यंत हलली नाही.
सुट्टे पेढेवाल्याकडून आणावे लागले.
माळ पोलक्याच्या आत सरकवली, गार लागलं असावं,
खांदे जरा वर आले,
आणि ती स्टँडकडे चालायला लागली.

अंगठा अजून टोचतो आहे.
दुकान मिटायची वेळ झाली, पेढेवाला शटर ओढतो आहे.
मी डबीतला एक आंधळा काढला,
त्याच्याभोवती रेशीम बांधून बघतो.
गोल आहे, निसटतो.
परत बांधतो.